नऊ वाजताची विहीण

मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे आणि ऑक्टोबरमध्ये परत मागे करण्याच्या इथल्या पद्धतीबद्दल आमच्या ऑफिसात प्रत्येकाचं मत आहे, आणि ऑक्टोबर संपत आला की कॉफीच्या मशीनपाशी ती मतं बाहेर पडतात. माझ्या शेजारी बसणाऱ्या डच सहकाऱ्याच्या बहिणीकडे गाई आहेत. गाईंना सरकारी फतवे कळत नाहीत, धारेची वेळ झाली की त्या हंबरतात, हे तो दरवर्षी नव्याने सांगतो. त्याला हिवाळ्याचीच वेळ बारमाही हवी आहे. आमच्या मॅनेजरबाईंना उन्हाळ्याची हवी, कारण मग संध्याकाळी बागेत उजेडात बसता येतं. आणखी एकाला तान्हं मूल आहे. तो म्हणतो, कुठलीही ठेवा पण एकच ठेवा. सगळे एकमेकांचं शांतपणे ऐकतात, कॉफी संपवतात आणि आपापल्या जागी जातात.

मला शांतपणा जमत नाही. उन्हाळ्याची वेळ कायमची ठेवा, हे मी इतक्या तावातावाने बोलते की एकदा मॅनेजरबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी अंधाराचं, सायकलीचं आणि व्हिटॅमिन डीचं कारण पुढे केलं. इथे व्हिटॅमिन डी म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. खरं कारण सांगितलं असतं तर गाईवालाही हसला असता. खरं कारण हे, की माझ्या सासूबाईंनी माझ्या आईला पळवून नेलं, आणि त्यांना या कामी नेदरलँड्सच्या घड्याळाने मदत केली.

माझी आई सांगलीला एकटी राहते. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. सासूबाई नाशिकला, त्याही एकट्याच. आम्ही न्यूनेनला राहतो आणि माझं ऑफिस आइंडहोवनला, म्हणजे जाऊन-येऊन सायकल. उन्हाळ्यात इथलं आणि भारतातलं अंतर साडेतीन तासांचं असतं. साडेपाचला मी सायकलवर बसले की सांगलीत रात्रीचे नऊ वाजलेले असतात. आईचं जेवण, ओटा पुसणं, विरजण लावणं, सगळं उरकलेलं असतं. कानात इअरफोन घालायचा, फोन लावायचा आणि पॅडल मारायला सुरुवात करायची. वाटेतल्या झाडांचं आणि वाऱ्याचं मला काही सोयरसुतक नसायचं. मी तेवढा वेळ सांगलीत असायचे.

ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळ मागे गेलं की अंतर साडेचार तासांचं होतं. मी सायकलवर बसते तेव्हा तिकडे दहा, आणि आई दहाला झोपते म्हणजे झोपते. रात्रीची गोळी घेतल्यावर ती राष्ट्रपतींचाही फोन घेणार नाही. मग हिवाळाभर मी तिला जेवणाच्या सुट्टीत फोन करायचे. कॅन्टीनमध्ये चीजचा गारढोण ब्रेड चावत मी, आणि फिरायला निघालेली ती. "चपला घालतेय गं, बोल पटकन," म्हणायची. त्याला काय बोलणं म्हणायचं?

आमचं खरं बोलणं नऊचं. आणि नऊच्या बोलण्याचा मुख्य विषय माझ्या सासूबाई. दोघी मायलेकींनी मिळून एखाद्याची उणीदुणी काढण्यात जे सुख आहे ते मला दुसऱ्या कशात सापडलेलं नाही. सासूबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, आणि त्या अजून सगळ्या जगाला सहावीच्या वर्गात बसवतात, हे आमचं लाडकं म्हणणं. लग्नात मानपानाच्या वेळी त्यांनी आईला जी साडी दिली तिचा रंग मोहरीसारखा होता. आई त्या साडीला 'ती मोहरी' म्हणायची. पंधरा वर्षांत तिने मोहरीची घडी मोडली नाही. "तुझ्या सासूबाई" हे दोन शब्द उच्चारताना ती असा काही हेल काढायची की पुढे टीका करायची गरजच उरायची नाही. आम्ही दोघी एका पार्टीच्या होतो आणि सासूबाई समोरच्या. मला ही व्यवस्था फार आवडायची.

हिवाळ्यात आई रात्री नऊला काय करते, हे मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यात एक चित्र होतं. आई टीव्हीचा आवाज बारीक करून बसली आहे, फोन उशाशी आहे आणि ती मार्चची वाट बघते आहे. या चित्राने मला वाईट वाटायचं आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटायचं.

गेल्या वर्षी मार्चअखेर घड्याळं पुढे गेली. सोमवारी मी ऑफिसातून जवळजवळ पळतच निघाले. माझे नऊ परत मिळाले होते. फोन लावला. आई दुसऱ्या कॉलवर आहे, असं स्क्रीनवर आलं. सिग्नलला परत लावला, तेच. न्यूनेनची वेस आली तरी तेच. या वेळेला आईला फोन करणारं माझ्याशिवाय जगात कोणी नाही, अशी माझी खात्री होती.

घरी पोचले तोवर मला नाही नाही ते सुचायला लागलं होतं. हल्ली पोलिसांचा वेश करून व्हिडिओ कॉलवर म्हाताऱ्या माणसांना तासन्‌तास डांबून ठेवणाऱ्या ठगांच्या बातम्या रोज वाचतो आपण. तुमच्या नावाच्या पार्सलात ड्रग्ज सापडलेत, फोन ठेवलात तर अटक करू, म्हणतात. नवरा त्या दिवशी घरूनच काम करत होता. त्याला म्हटलं, "तुझ्या आईला लाव बरं. इंडियाचे कॉल लागतायत का ते तरी कळू दे."

त्याने लावला. सासूबाईही दुसऱ्या कॉलवर.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्या दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट आली. ठगांकडे आमची अख्खी माहिती गेली आहे, आणि त्यांनी दोघींना एकदमच धरलं आहे. नवऱ्याचा चेहरा पडला. "आईच्या एफडी सगळ्या मोबाइलवर आहेत," तो म्हणाला. मी आईच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना फोन केला आणि रडवेल्या आवाजात सांगितलं, आधी वर जा आणि आईच्या हातून फोन काढून घ्या.

काका बँकेतून निवृत्त झालेले, अशा कामाची वाटच बघत असलेले. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्यांनी दारावर थापा मारत ओरडायला सुरुवात केली, "वहिनी, पैसे पाठवू नका! खरे पोलीस असं करत नाहीत!" आईने दार उघडलं तेव्हा तिच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. काकांनी फोन हिसकावून घेतला आणि दरडावलं, "कुठलं स्टेशन? हुद्दा काय तुमचा?" पलीकडून उत्तर आलं, "मी यांच्या मुलीची सासू बोलतेय, नाशिकहून. आणि आपण आधी आवाज खाली करा." काका म्हणाले, असा आवाज त्यांनी शाळा सोडल्यानंतर ऐकला नव्हता. ते आवाज खाली करून घरी गेले.

मग आईचा फोन आला. ती इतकी हसत होती की तिला बोलता येईना. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. आणि ते ऐकून मला आधी हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला.

"अगं, आम्ही शब्दकोडं सोडवत होतो," ती म्हणाली.

संक्रांतीला सासूबाईंनी तिळगुळाचा फोन केला, तिथून सुरुवात झाली म्हणे. आई तेव्हा वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात अडकून बसली होती. बोलता बोलता तिने विचारलं आणि सासूबाईंनी तिथल्या तिथे उत्तर दिलं. दोघींकडे पेपर एकच येतो. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं एक अडलं होतं, ते आईने सोडवलं. तेव्हापासून रोज नऊ वाजता दोघी आपापला पेपर घेऊन बसतात. कोडं सुटायला फार वेळ लागत नाही, बाकीचा वेळ गप्पा.

"बाई एकदम हुशार आहे हो," आई म्हणाली. "आणि किती वाचन! आमच्या विहीणबाई म्हणजे ना..."

आमच्या विहीणबाई! पंधरा वर्षं त्या फक्त माझ्या सासूबाई होत्या. माझ्याच त्रासाच्या, माझ्याच तक्रारीच्या. त्या एका हिवाळ्यात आईच्या झाल्या.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"यात सांगण्यासारखं काय आहे? तू चिडशील असं वाटलं."

"मी कशाला चिडेन? पण मग माझे नऊ?"

आईने जरा विचार केला. "असं कर ना, तू साडेआठला करत जा. नऊची त्यांना सवय झालीये."

म्हणजे मला सवय झाली नव्हती! मी सख्खी मुलगी, मला सोईची वेळ दिली जात होती, इथल्या हाउसआर्ट्सची, म्हणजे फॅमिली डॉक्टरांची, रिसेप्शनिस्ट वेळ देते तशी. आणि मी ती निमूट घेतली, कारण न घेऊन काय करणार? साडेआठ म्हणजे इथले पाच. पाचला निघायचं तर सकाळी लवकर ऑफिसात पोचायला हवं. मुलीला शाळेत सोडायचं काम नवऱ्याच्या गळ्यात पडलं. एवढी उरस्फोड करून फोन लावायचा, तर नऊ वाजत आले की आईच्या आवाजात घाई यायची. मी मध्येच असले तरी, "बरं चल, बाकी उद्या," असं व्हायचं. फोन ठेवण्याआधी पेपरची घडी उलगडल्याचा आवाज मी स्वतः ऐकलेला आहे.

आमची पार्टीही फुटली. मी सासूबाईंबद्दल काही बोलायला लागले की आई म्हणायची, "तसं नसेल गं, त्यांच्या मनात नसतं." दिवाळीला त्यांनी पाठवलेल्या चकलीच्या भाजणीत किडे झाले आणि मी ती गुपचूप हिरव्या कचरापेटीत टाकली, हे मी फक्त आईला सांगितलं होतं. पुढच्या रविवारी नवऱ्याशी बोलून झाल्यावर सासूबाईंनी मला फोन द्यायला सांगितलं आणि प्रेमाने म्हणाल्या, "भाजणी फ्रीजमध्ये ठेवत जा गं, वर्षभर काही होत नाही." मी "हो आई" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझा सगळा दारूगोळा माझ्याच माणसाने पलीकडे नेऊन दिला होता.

एप्रिलमध्ये आईने व्हिडिओ कॉल केला तेव्हा ती मोहरी नेसून बसली होती. "चांगली नेसली जाते गं ही," पदर पुढे करून ती म्हणाली. "उगीच ठेवून दिली इतकी वर्षं." मी त्या रंगाकडे बघत राहिले. तिला तो रंग शोभत होता, याचाही मला राग आला.

मे महिन्यात दोघी मिळून गणपतीपुळ्याला गेल्या. मी आईला कितीदा म्हटलं होतं, इकडे ये, ट्युलिप बघ, महिनाभर राहा. तिचे गुडघे विमानात दुखतात, म्हणून ती येत नाही. ते गुडघे एसटीने घाट उतरून समुद्रात उभे होते. फोटो माझ्या आधी नवऱ्याला आला. दोघींनी साड्या घोट्याच्या वर धरल्या आहेत, सासूबाईंच्या डोक्यावर टोपी आहे, आणि आई त्यांच्या दंडाला धरून मोठ्याने हसते आहे. नवऱ्याने तो फोटो फ्रिजवर लावला. रोज दूध काढताना मला तो बघावा लागायचा.

"किती छान झालंय ना?" तो म्हणायचा. "दोघी एकट्या होत्या. आता आपल्याला टेन्शन नाही." त्याचं बरोबर होतं. त्याचं बरोबर असण्याचाच मला वीट आला होता. तो आपल्या आईला रविवारी सकाळी फोन करतो, ठरलेलं बोलतो आणि ठेवतो. घड्याळ पुढे गेलं काय नि मागे गेलं काय, त्याच्यापासून हिरावून घेण्यासारखं काही नव्हतंच. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमधून येतं. एकदा मी तो फोटो फ्रिजच्या दारावरून काढून बाजूच्या भिंतीवर लावत होते, जिथे कोणाचं लक्ष जाणार नाही. ती मागून म्हणाली, "आई, बेन यं झालूर्स?" तुला हेवा वाटतोय का? मी तिला म्हटलं, गृहपाठ कर.

वाटत होता. दिवसरात्र वाटत होता. आपल्या आईचा आणि सासूचा हेवा करणारी बाई मी कुठे पाहिली नाही, पण मी तशी होते. मला माझे नऊ परत हवे होते आणि कोणाकडे मागायचे ते कळत नव्हतं.

ऑक्टोबर आला. घड्याळं बदलणं बंद होणार, असं आम्ही इथे दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी काही होत नाही. तरी ऑफिसात कोणीतरी पांढऱ्या फळ्यावर दोन रकाने आखले, उन्हाळा आणि हिवाळा, आणि सगळ्यांनी आपापली रेघ मारली. मी उन्हाळ्याखाली रेघ मारली आणि मला एकदम सुचलं. आईलाही विचारावं. तिच्याच तोंडून ऐकावं.

घड्याळ मागे जायच्या आधीचा गुरुवार होता. मी पाचला सायकलवर बसले आणि तिला विचारलं, "समज, इथल्या लोकांनी ठरवलं की घड्याळ आता बदलायचं नाही, बारा महिने एकच वेळ. तर कुठली ठेवावी?"

"मला काय विचारतेस? मी काय तिथली मतदार आहे?"

"समज गं. उन्हाळ्याची ठेवली तर मला तुला वर्षभर रात्री फोन करता येईल, अगदी नऊलासुद्धा. हिवाळ्याची ठेवली तर कधीच नाही, दुपारचंच बोलायचं."

तिने फार वेळ घेतला नाही. "मग हिवाळ्याची ठेवायला सांग," ती म्हणाली.

मी सिग्नलला उभी होते. हिरवा झाला तरी मला निघायचं सुचलं नाही. मागच्या बाईने घंटी वाजवली.

"म्हणजे तुला माझ्यापेक्षा त्या..."

"रागावू नकोस," आई म्हणाली. "तुझा फोन आला की मला आनंदच होतो. पण तू कायम वाटेत असतेस गं. मला वारा ऐकू येतो. मध्येच तू म्हणतेस, थांब आई, गाडी येतेय. मी काही मनातलं सांगायला लागले की तुझं घर येतं आणि तू ठेवतेस. इतक्या वर्षांत घरात पाऊल टाकल्यावर तू आपणहून माझ्याशी कधी बोललेली नाहीस. त्या खुर्चीत बसतात, चष्मा लावतात आणि मग मला फोन करतात. बोलताना दुसरं काही करत नाहीत."

ती चिडून बोलत नव्हती. आज पाणी उशिरा आलं, हे सांगावं तशी बोलत होती. म्हणजे हे तिला आज सुचलेलं नव्हतं, कितीतरी वर्षं ते तिला माहीत होतं.

मी घरापाशी पोचले होते. सायकल धरून तशीच बाहेर उभी राहिले, फोन ठेवला नाही. "बरं चल," आई म्हणाली, "नऊ होत आले."

पुढचे दोन दिवस मी मनातल्या मनात भांडत होते. मला नोकरी आहे, मूल आहे, स्वयंपाक आहे. सासूबाईंना काय, खुर्चीत बसायला त्यांना वेळच वेळ. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि एकानेही माझी जळजळ कमी होईना. आतापर्यंत मला वाटत होतं की माझं काहीतरी चोरीला गेलं आहे. आता कळलं होतं की ते आईने स्वखुशीने, नीट तोलूनमापून त्यांना दिलं आहे.

रविवारी पहाटे घड्याळ मागे गेलं. सगळं न्यूनेन मिळालेला जास्तीचा तास झोपून काढत होतं. मी नेहमीच्या वेळेला उठले, चहा केला, सोफ्यावर बसले. इअरफोन घातले नाहीत, फोन हातात धरला आणि आईला लावला. तिकडे दुपार व्हायला आली होती. मागे कुकरची शिट्टी झाली.

"काय गं, रविवारची कुठे निघालीस?" तिने विचारलं.

"कुठे नाही. घरीच आहे. सोफ्यावर बसलेय."

"बसलीयेस?"

"हो."

गॅस बंद केल्याचा आवाज आला. "काय झालं?" तिचा आवाज बदलला होता. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. तुझ्याशी बोलायला बसलेय फक्त."

"जावईबापूंशी काही झालंय का?"

"नाही गं. झोपलाय तो."

"नोकरीचं काही? खरं सांग. डॉक्टरांनी काही सांगितलंय का?"

"आई, काहीसुद्धा झालेलं नाही. बस ना तूपण. बोल काहीतरी."

"तू माझ्यापासून लपवतेयस," ती म्हणाली. ती खरंच घाबरली होती. "थांब, मी विहीणबाईंना विचारते. त्यांना माहीत असेल."

आणि तिने फोन ठेवला.